आत खोचलेलं टोक

“कुणी हात लावायचा नाही,” पानस्कर साहेब म्हणाले आणि स्वतः मात्र तारेपाशी उकिडवे बसले.

मी हात लावतच नव्हते. नुसती वाकले होते. पण तेरा वर्षांची पोरगी वाकली की ती काहीतरी उपटणारच, असं मोठ्या माणसांना वाटतं. भागूआत्तीनं माझी वेणी धरली आणि मला मागं ओढलं.

“बघू दे की गं आत्ती!”

“बघायचं काय हाय त्यात? तार हाय ती.”

पण तारच तर बघायची होती! वाघजाईच्या सड्याभोवती वनखात्यानं तीन वर्षांपूर्वी घातलेलं कुंपण उत्तरेच्या कोपऱ्यात कुणीतरी सोडलं होतं. तोडलं नव्हतं हं, सोडलं होतं. खांबाला मारलेले पीळ उलगडून चारही तारा बाजूला घेतल्या होत्या आणि नंतर परत जागेवर आणून अंबाडीच्या दोरीनं खांबाला नीट बांधून टाकल्या होत्या. दहा पावलांवरून कुणाला पत्ता लागला नसता.

“कुंपण फोडणारा माणूस जाताना ते परत बांधून कशाला जाईल?” मी विचारलं.

प्रश्न इतका भारी होता की मला वाटलं, सगळे माझ्याकडे वळून बघतील. कुणीही बघितलं नाही. दोन पंच तंबाखू मळत उभे होते. आत्ती आभाळाकडे बघत होती.

आता सडा म्हणजे काय ते सांगते. आमच्या चिंचदऱ्याच्या डोक्यावर एक सपाट काळं कातळाचं पठार आहे. उन्हाळ्यात तिथं उभं राहिलं की चपलेतून चटके बसतात. पण भाद्रपदात त्याच कातळावर फुलांचे थरच्या थर येतात. पांढरे गेंद, पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा आणि ओल्या खड्ड्यांच्या कडेनं जांभळी सीतेची आसवं. हे सगळं वनखात्याचं राखीव क्षेत्र. खात्यानं करार करून गेट आमच्या गावच्या समितीला दिलं होतं. तिकीट फाडायचं, गाड्या खाली थांबवायच्या, लोकांना पायवाटेवरून हलू द्यायचं नाही, ही कामं चौदा बाया पाळीपाळीनं करायच्या. भागूआत्ती, म्हणजे माझ्या पप्पांची थोरली बहीण, समितीची अध्यक्ष होती. आईपप्पा पुण्यात कामाला, म्हणून मी शाळेसाठी आत्तीकडे राहायचे आणि शनिवार-रविवार सड्यावर पाहुण्यांना फुलांची नावं सांगत हिंडायचे.

त्या मोसमात आणखी एक मंडळी आली होती. रानझुळूक नावाची पर्यटन कंपनी. एका मोसमापुरतं पार्किंग आणि फोनवरचं बुकिंग त्यांच्याकडे होतं, पण त्यांना गेटसकट सगळंच हवं होतं, दहा वर्षांसाठी. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्याचा निकाल लागणार होता. कंपनीचे यशोधन सर उत्तरेच्या कोपऱ्यात सेल्फी पॉइंट करायला जागा बघत गेले, तेव्हा त्यांनाच ती दोरी दिसली. त्यांनीच तक्रार केली. म्हणून आम्ही सगळे सकाळी आठ वाजता तिथं जमलो होतो.

समितीच्या करारात कलम होतं की कुंपणाच्या आत गुरं घालायची नाहीत. समितीच्या कुणी घातलेली सापडली, तर करार रद्द. हे मला पाठ होतं, कारण आत्तीला चष्मा लागायच्या आधी तिचे सगळे कागद मीच तिला वाचून दाखवायचे.

पानस्कर साहेब म्हणजे आमच्या भागाचे वनपाल. माणूस कोरडा. हसायचे तेसुद्धा दातांना वारा लागणार नाही अशा बेतानं. त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं. दोरीचं टोक लोंबत नव्हतं. ते दुमडून गाठीच्या पोटात घातलेलं होतं.

“टोक आत खोचलंय,” ते पुटपुटले.

मग त्यांनी मान वर करून आत्तीकडे बघितलं. आत्ती अजून आभाळच बघत होती. आभाळात काहीही नव्हतं, मी खात्री केली.

आणि साहेबांनी काय करावं? ते सरळ गाठ सोडायला लागले!

“साहेब, फोटो?” मी ओरडले. “पुरावा आहे तो!”

“पंचनामा लिहिलाय मी. अज्ञात इसम. पुरे तेवढं.”

पुरे? माझ्या डोक्यात लाल दिवा लागला. पुरावा मोडणारा माणूस नेहमी कुणालातरी वाचवत असतो. मग हा कुणाला वाचवतोय? माझ्या गळ्यात ‘पुष्पदूत’ लिहिलेला बिल्ला होता आणि खिशात तिकिटं तपासायला दिलेला फोन. दोन्ही यशोधन सरांनी दिलेले. मी फोन काढला आणि साहेबांच्या खांद्यावरून खटकन फोटो घेतला.

“कस्तू! ठेव तो फोन!” आत्ती कडाडली.

ती रोजच असं कडाडायची. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

*

गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी यादी केली. वर लिहिलं: संशयित.

पहिलं नाव पानस्कर साहेब. दुसरं यशोधन सर, कारण आत्ती दोन दिवस चुलीपुढं बसून एकच गोष्ट सांगत होती.

“त्यांनीच सोडली तार. आन आता बोंब मारायची की बायांना राखाया जमत न्हाई. म्हंजे गेट आयतं त्यांच्या हातात.”

“पण ते असं का करतील? ते चांगले आहेत.”

“बिल्ला दिला म्हणून चांगले व्हय?”

हे मला झोंबलं. बिल्ल्याची गोष्ट वेगळी होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला ‘तुम्ही’ म्हटलं होतं. “कस्तुरी, तुम्ही इतकं छान बोलता, तुम्ही माईकवर बोलायला हवं,” असं यशोधन सर म्हणाले होते आणि मी त्या रात्री उशीला भाषण दिलं होतं. तरीपण तपास म्हणजे तपास. जवळच्या माणसावरही संशय घ्यायचा असतो, एवढं मला कळत होतं. फक्त जवळचं माणूस म्हणजे कोण, ते कळत नव्हतं.

मी एक युक्ती काढली. यशोधन सरांना फोटो अचानक दाखवायचा आणि त्यांचा चेहरा बघायचा. गुन्हेगार असतील तर दचकतील.

शनिवारी पार्किंगच्या तंबूत ते मुगाची उसळ खात होते. मी फोन त्यांच्या नाकापुढं धरला.

ते दचकले नाहीत. चमचा खाली ठेवून त्यांनी फोटो मोठा केला आणि त्यांचा चेहरा असा खुलला, जसा रांगेतल्या माणसाचा नंबर आल्यावर खुलतो.

“हा साहेबांच्या पंचनाम्यात आहे?”

“नाही. त्यांनी घेऊ दिला नाही. मीच घेतला.”

“कमाल आहात तुम्ही.” त्यांनी फोटो स्वतःकडे पाठवून घेतला. “अशी गाठ मी कधी पाहिली नाही. शहरातला माणूस नाही बांधणार ही. तुम्हाला काय वाटतं?”

“तेच शोधतेय,” मी छाती काढून म्हणाले.

तंबूतून बाहेर पडताना मी वही काढून दुसरं नाव खोडलं. सर निर्दोष. माझा तपास जोरात चालला होता!

*

आबांचं घर वाडीच्या अगदी वर, गोठ्याला चिकटून. आबा म्हणजे माझे आजोबा, पप्पांचे आणि आत्तीचे वडील. त्यांच्याकडे पाच म्हशी होत्या आणि एक नुकतं झालेलं रेडकू. मी रोज संध्याकाळी त्यांची भाकरी घेऊन जायचे.

त्या रविवारी गेले, तर आबा रेडकाला बांधत होते. रेडकू मान झटकत होतं, आबा त्याला शिव्या देत होते आणि त्यांचे हात आपले आपले चालले होते. दोरी खुंट्याला एकदा, पुन्हा एकदा, मग पोटातून वर, मग ओढ. शेवटी त्यांनी दोरीचं टोक दुमडलं आणि अंगठ्यानं गाठीच्या पोटात सारलं.

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली.

मी ही गाठ हजार वेळा बघितली असेल. म्हणजे डोळ्यांपुढून गेली असेल. बघितली त्या दिवशी.

“आबा, टोक आत का खोचता?”

“लोंबतं ठिवलं की हे चघळतंय. चघळून चघळून गाठ सोडतंय, हरामखोर.”

“सड्यावर कुठं रेडकू होतं?”

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते रेडकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

“सवय,” ते म्हणाले. “हात ऐकत न्हाई.”

“तुम्ही तार सोडली?”

“मी सोडली. भागीनं धरली. एकट्यानं चार तारा व्हत न्हाईत आता.”

आत्ती! जी दोन दिवस चुलीपुढं बसून कंपनीला शिव्या घालत होती, ती! मला एवढा राग आला की रडूच फुटलं. मी भाकरी उखळावर ठेवली आणि म्हणाले, “तुम्ही दोघं खोटारडे आहात. तुम्हाला माहितीये करारात काय आहे ते. मीच वाचून दाखवलं होतं!”

“बस,” आबा म्हणाले.

“नाही बसणार.”

“मग हुबी राहून ऐक. तू फुलांची नावं सांगतीस न्हवं लोकास्नी? मंग सांग, लोकास्नी घिऊन तू कुठं जातीस?”

“उत्तरेच्या कोपऱ्यात.”

“का?”

“कारण तिथंच सगळ्यात जास्त...”

बाकी सड्यावर फुलं होती कुठं? गेल्या वर्षीपासून गवत गुडघ्याला लागत होतं. लोक तिकीट काढून यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि म्हणायचे, जाहिरातीतल्यासारखं नाही हो. मग या मोसमात मी ऐटीत त्यांना उत्तरेच्या कोपऱ्यापर्यंत चालवत न्यायचे. तारेच्या आतला तो एकच तुकडा गालिच्यासारखा भरलेला असायचा. मी पुष्पदूत होते. एकदाही मनात आलं नव्हतं की इथंच का?

आबांनी मग मला सडा बांधायची रीत सांगितली. मी फक्त नाव ऐकून होते. कुंपणाच्या आधी मिरग निघाला की सगळ्या वाडीच्या म्हशी सड्यावर चढायच्या. धो धो पाऊस, धुकं, आणि म्हशी वाढतं गवत खात सुटायच्या. मग नागपंचमीला वाटेवरच्या दोन दगडांना आडवी दोरी बांधायची. सडा बांधला. त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत एक जनावर वर जायचं नाही, एक माणूस विळा घेऊन जायचा नाही. गवत आखूड झालेलं असायचं, खाली ऊन पोचायचं, बारकी फुलं वर यायची.

“सरकारनं तार घातली, चांगलं वाटलं आमालाबी,” आबा म्हणाले. “तवा वाटलं आता गाड्या न्हाई घुसणार. पर त्यांनी म्हशींला बारा महिने बंद केलं. आमी सांगितलं. साहेब बदलले. पुन्ना सांगितलं. म्हणले, वर लिवतो. मंग म्हटलं, एक कोपरा तर करून बघू. औंदा मिरगाला तार सोडली आन म्हशी तेवढ्याच तुकड्यात राखल्या. नागपंचमीला काढल्या. तार बांधली. एक दीस जास्त न्हाई.”

“पण कुणाला सांगायचं ना!”

“कुणाला? कंपनीला? ती म्हणती, गवत वाढलं तर मशीननं कापू आन त्याचंबी तिकीट लावू.”

तेवढ्यात आत्ती वर आली. माझं तोंड बघूनच तिला कळलं. ती दारातच उभी राहिली.

“आत्ती,” मी म्हणाले, “मी तो फोटो यशोधन सरांना दिलाय.”

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उंबऱ्यावर बसली, पदरानं चष्मा पुसला, परत डोळ्याला लावला, परत काढून पुसला.

“चौदा बाया हाईत गं,” एवढंच म्हणाली. मग उठली आणि भाकरी ताटात काढता काढता म्हणाली, “सभेत तू गप बसायचं. पोरगी हाईस, तुला कुणी इचारत न्हाई.”

*

दोन ऑक्टोबरला शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. सकाळची प्रभातफेरी आटपून आम्ही पोरं मागं सतरंजीवर बसलो. पुढं सरपंच, ग्रामसेवक, एका टोकाला पानस्कर साहेब, मांडीवर फाइल. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. आबा खांबाला टेकून.

यशोधन सर छान बोलले. हे मी कबूल करते. आवाज चढवला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत.

“वनखातं नियम करतं, पण त्यांच्याकडे माणसं नाहीत. समितीकडे माणसं आहेत, पण त्या बायकांवर किती ओझं टाकायचं? आम्ही गेट चालवू. गावातल्या मुलांना काम देऊ. राखण आमची जबाबदारी. आता राखण कशी चाललीय, ते तुम्हीच बघा.”

त्यांनी एक मोठा कागद उलगडला. दाराएवढा. त्यावर माझा फोटो. म्हणजे मी काढलेला. गाठ इतकी मोठी झाली होती की दोरीचा धागान् धागा दिसत होता.

“ही गाठ कुणाची असेल, गावात कुणाला ओळखू येतेय का?”

मांडवात शंभरावर माणसं होती. त्यातल्या निम्म्यांनी तरी आबांच्या गोठ्यातून दूध नेलं होतं. कुणी खोकलं नाही. समितीवर जळणारा आमचा चुलतमामा, जो आत्तीचं वाईट व्हावं म्हणून नवस बोलला असता, तोसुद्धा चपलेचा अंगठा बघत बसला.

“कुणालाच नाही?” यशोधन सरांनी मांडवभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. “आमची पुष्पदूत सांगेल कदाचित. कस्तुरी, तुमचा तपास कुठवर आला?”

आत्तीनं माझ्याकडे बघून मान हलवली. अगदी थोडी. नाही.

आणि तेव्हाच खांबाजवळ काठी आपटली. आबा उठायला लागले होते. गुडघे साथ देईनात, एका हातात काठी, एका हातानं खांब. ते उठणार होते आणि म्हणणार होते, मी केलं. आत्तीचं नाव घेणार नव्हते. बाकी काही सांगणारही नव्हते, कारण चार माणसांपुढं आबांना कधी बोलताच येत नसे. गुन्हा तेवढा कागदावर राहिला असता आणि कारण गोठ्यात.

मी उठले. कशी उठले ते मला आजही सांगता येत नाही. पण आवाज खणखणीत निघाला, उशीला दिलेल्या भाषणासारखा.

“गाठ माझ्या आबांची आहे,” मी म्हणाले. “तार आबांनी सोडली आणि आत्तीनं धरली. म्हशी आमच्याच होत्या.”

मांडवात एकदम गलका झाला. “गप गं!” आत्ती ओरडली. यशोधन सरांना इतकं अपेक्षित नव्हतं.

“आता मी सरांना एक विचारू?” मी गळ्यातला बिल्ला धरून म्हणाले. तो अजून गळ्यात होता! “सर, तुमच्या पत्रकावर जे फुलांचं चित्र आहे, ते सड्यावर कुठं काढलंय?”

“सड्यावरच. का?”

“सड्यावर कुठं?”

ते म्हणाले, “उत्तरेकडे असेल.”

“सेल्फी पॉइंट कुठं करणार होता?”

“तिथंच.”

“का?”

माझ्यासारखंच, त्यांच्याही मनात हा प्रश्न आला नव्हता. मीच मग सांगितलं. मिरग, म्हशी, नागपंचमी, दोरी, दसरा. चुकत माकत सांगितलं. मधेच आबा बसल्या जागेवरून म्हणाले, “एक दीस जास्त न्हाई,” आणि कुणीतरी हसलं.

“सगळं मान्य,” यशोधन सर शेवटी म्हणाले, “पण नियम मोडला हे खरं ना? उद्या प्रत्येकजण असंच कारण सांगून म्हशी घालेल. मग?”

हे बरोबर होतं.

पानस्कर साहेबांनी फाइल उघडली. मी मनात म्हटलं, आता हा माणूस आम्हाला बुडवणार.

“पंचनाम्याचा दुसरा परिच्छेद वाचतो,” ते म्हणाले. “‘सोडलेल्या तारेच्या आतील अंदाजे अर्ध्या एकरात गवत घोट्याएवढे, फुले दाट. उर्वरित क्षेत्रात गवत गुडघ्याएवढे, फुले विरळ. कारणाची तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी.’ हे त्याच दिवशी लिहिलंय. पण वर पाठवायचं तर चराई झाली का, कुणी केली, किती दिवस केली, हे लागतं. त्याशिवाय साहेब लोक म्हणतात, पाऊस कमीजास्त झाला असेल. आजपर्यंत कुणी सांगत नव्हतं.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “आता सांगा. म्हशी किती?”

“पाच,” आबा म्हणाले.

“नियम मोडल्याचा दंड होईल. करार ठेवायचा की रद्द करायचा ते वरचे ठरवतील, पण अध्यक्षांना पद सोडावं लागेल. हे मला लिहावंच लागणार.”

“लिवा,” आत्ती म्हणाली. आणि उठून उभी राहून पुन्हा म्हणाली, “माझ्या एकटीचं लिवा. तेरा बायांस्नी ह्यातलं ठावं नव्हतं.”

*

त्या दिवशी कंपनीला गेट मिळालं नाही. पुढं बरीच पत्रापत्री झाली, पण समितीचा करार वाचला. आता पार्किंग आणि बुकिंग रानझुळूककडे आहे, रोज किती माणसं सोडायची ते खातं ठरवतं आणि गेटवर समितीच्या बाया. आत्ती अध्यक्ष नाही, पण सोमवारी आणि गुरुवारी तिची पाळी असते आणि त्या दिवशी एकाची टाप नाही पायवाट सोडायची. पहिल्या वर्षी तज्ज्ञ आले, काठ्या रोवून चौकोन पाडून गेले. दुसऱ्या वर्षी खात्यानं स्वतःच कुंपणाला चार ठिकाणी कवाडं बसवली. मिरगाला उघडायची, नागपंचमीला लावायची. कुणाच्या किती म्हशी, तेही लिहिलेलं. कंपनीनं लगेच विचारलं, त्या दिवशी पाहुण्यांना बघायला आणता येईल का? आत्ती म्हणाली, “आणा. पर म्हशी फोटूला थांबत न्हाईत म्हणावं.”

मी आता अकरावीत आहे. माईकवर बोलते, वादविवादात ढाली आणते. बिल्ला मी त्याच दिवशी परत केला होता. ती गणिताची वही मात्र अजून जवळ आहे आणि शेवटच्या पानावर पहिलं नाव बरीच वर्षं तसंच होतं. यशोधन सरांचं खोडलेलं. आबांचं आणि आत्तीचं कधी लिहिलंच नव्हतं. पानस्कर साहेबांचं ना खोडलेलं, ना खरं ठरलेलं. सभेत त्यांनी आम्हाला मदत केली की फक्त स्वतःची फाइल पुरी केली, हे मला सुटत नव्हतं. आणि त्यांनी त्या सकाळी पुरावा का मोडला, तेही.

गेल्या नागपंचमीला आबांच्यानं वर चढवेना. म्हणून सडा बांधायला मी गेले, अंबाडीची दोरी घेऊन. साहेब आधीच कवाडापाशी उभे होते, पावसाळी डगल्यात, नाकावरून पाणी गळतंय.

“बांध,” ते म्हणाले.

मी बांधायला लागले. आबांनी महिनाभर शिकवली होती, पण ओल्या दोरीनं बोटं घसरत होती. एकदा, पुन्हा एकदा, पोटातून वर. ओढताना दोरी सुटायला लागली, तशी साहेबांनी पुढं होऊन ती धरली. मी धापा टाकत बाजूला झाले. त्यांनी गाठ आवळली. मग कुणी काही न सांगता त्यांनी दोरीचं टोक दुमडलं आणि अंगठ्यानं गाठीच्या पोटात सारलं.

मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

“साहेब,” मी विचारलं, “तुमच्या घरी म्हशी होत्या?”

“शेळ्या. वडिलांच्या.”

“म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं? ती गाठ कुणीतरी राखणाऱ्यानं बांधलीय, हे?”

त्यांनी गाठ एकदा हलवून बघितली. पक्की होती.

“मग हे टोक आज कशाला खोचलंत? इथं कुठं रेडकू आहे?”

ते पहिल्यांदा दात दिसतील इतके हसले.

“सवय,” म्हणाले. “हात ऐकत नाही.”